गाळलेला एच

नामकरण हा सोळा संस्कारांतला सगळ्यांत जोखमीचा संस्कार. बाकीचे पंधरा चुकले तर देव सांभाळून घेतो. नाव चुकलं तर माणूस जन्मभर त्या चुकीला ओ देत राहतो. म्हणून आपल्याकडे नाव ठेवायला मुहूर्त लागतो, पाळणा लागतो, आत्या लागते, कानात कुर्र करावं लागतं. योगिता महानवरने असे सत्तेचाळीस संस्कार एका मंगळवारी, अकरा ते पाच या वेळात, मधे खारी-चहाचा अर्धा तास धरून, एकटीने उरकले होते.

बीडला खताच्या दुकानाच्या माडीवर 'भूमिरत्न सॉफ्टवेअर' नावाची कंपनी होती. मालक अमरसिंह. तेलगावला ऊस, कापूस आणि राजकारण अशी तिन्ही पिकं घेणाऱ्या घरातला. वडील धोंडीराम, त्यांना अख्खा तालुका 'बाबा' म्हणायचा. चुलतभावाने पेट्रोल पंप आधीच टाकल्यामुळे अमरसिंहला सॉफ्टवेअर टाकावं लागलं होतं. कंपनीची तीन सॉफ्टवेअरं चालत: एक दूध संकलनाचं, एक जनावरांच्या बाजाराचं, एक जनावरांच्या विम्याचं. तिन्हींना जनावराचं वय काढावं लागे, किती वेळा व्यालं ते वेत मोजावं लागे, दुधाचा अंदाज बांधावा लागे. तेच काम तीन ठिकाणी लिहिलेलं, आणि तिन्ही ठिकाणी म्हशीचं वय वेगळं यायचं.

"दादा, सामायिक लायब्ररी करू या," योगिता म्हणाली होती.

"पुस्तकं कावून लागतेत आपल्याला?"

"पुस्तकांची न्हाई. सामायिक विहीर समजा. पाणी एकाच जागी, मोटारी तिघांच्या."

अमरसिंहच्या घरात सामायिक विहिरीवरून तीन दावे चालू होते, त्यामुळे कल्पना त्याला लगेच समजली आणि थोडी भीतीही वाटली. तिने पुढचं समजावलं. लायब्ररीच्या आत शेकडो कामं चालतात, पण त्यातली थोडीच बाहेर द्यायची असतात. बाहेरचा प्रोग्राम त्यांना नावाने हाक मारतो. नाव बरोबर असलं तर आतून ओ येते. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर कुणी नाही.

"म्हंजी बाहेर दिलेलं नाव महत्त्वाचं," अमरसिंह म्हणाला आणि नावांचे नियम करायला बसला. दोन दिवसांनी ते नियम फ्लेक्सवर छापून भिंतीवर आले, कोपऱ्यात वडिलांचा हात जोडलेला फोटो, खाली 'आदरणीय बाबा'. बाहेर दिलेलं प्रत्येक नाव मराठीतच पाहिजे, अक्षरं मात्र इंग्रजी. आधी विषय, मग काम. आणि एकदा दिलेलं नाव पुन्हा बदलायचं नाही. हा शेवटचा नियम त्याने तोंडीही समजावून सांगितला. "लेक दिली म्हंजी दिली. नांदत्या लेकीचं नाव बाप बदलत नसतो."

दुसऱ्या टेबलावर परमेश्वर बसायचा. बाजाराचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतं. शुद्धलेखनाचा पक्का माणूस. लग्नपत्रिका आली की आहेर ठरवायच्या आधी लाल पेन काढायचा. त्याने फ्लेक्सवर तीन चुका दाखवल्या, मग मालकाचा चेहरा बघितला आणि गप बसला. गप बसणं हे त्याचं आयुष्याचं धोरण होतं.

आता सत्तेचाळीस मराठी नावं आणायची कुठून? योगिता इंजिनिअर झाली तेव्हा जनावराच्या पोटात काय असतं हे अभ्यासक्रमात नव्हतं. तिने पालीला, गावी, वडिलांना फोन लावला. बंकटराव तेव्हा बिंदुसरेच्या धरणाच्या खालच्या अंगाला शेळ्या घेऊन बसले होते.

"बाबा, म्हशीच्या पोटात असलं की आपण काय म्हंतो?"

"गाबन. कावून? कुनाची हाय गाबन?"

"कुनाची न्हाई. कॉम्प्युटरला सांगायचंय."

"त्याला कावून पायजे?"

"पाटोद्याच्या बाजारात टीव्ही लावनार हायेत. जनावर आलं की त्याची समदी माहिती वर दिसनार. वय, वेत, दूध, गाबन हाय का न्हाई."

पलीकडे जरा वेळ नुसत्या शेळ्याच बोलल्या. मग बंकटराव म्हणाले, "येडी का काय तू? गाबन जनावर असं चावडीवर टांगतेत का? नजर लागती. आपल्या छबुबाईची म्हस आठव. पावन्यानं नुसतं 'वा' म्हनलं, तर तिसऱ्या दिशी गाबडली, पोटातलं रेडकू गेलं. घेनारा आला की त्याच्या कानात सांगायचं. बाकी बाजारापासून लपिव."

योगिताने सगळं लिहून घेतलं. दहावीला तिला मराठीत शहाऐंशी मार्क होते. शब्द 'गाभण' आहे, त्यात भ आहे आणि बाणातला ण आहे, हे तिला ठाऊक होतं. पण पालीत भ आणि ण हे पाहुणे आहेत, सणावारालाच येतात. फोनवर बाबा बोलत होते, बोटं चालत होती, आणि बोटांनी बाबांचंच ऐकलं. gaban_nond. gaban_pakka. gaban_malkala_kalva. आणि बाजारासाठी खास, gaban_lapva. आपण एखादं काम असं का केलं ते प्रोग्राममध्ये शेजारी लिहून ठेवावं, अशी चांगली सवय तिला होती. तिने लिहिलं: 'बाबांनी सांगितलं म्हणून लपवायचं. नजर लागते.'

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग जिल्ह्यातल्या एका पशुधन अभियानाला ही लायब्ररी पसंत पडली. सगळ्या जिल्ह्याची जनावरं त्यावर जाणार होती. त्याआधी बाहेर दिलेल्या नावांची यादी एका समितीने तपासायची होती. समिती तिघांची होती; त्यातले दोन तांत्रिक सदस्य आले नाहीत. आले ते रामेश्वर सर, निवृत्त हिशेब तपासनीस. त्यांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नव्हतं, पण यादी कळत होती. चौतीस वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्यांची दप्तरं तपासली होती. अफरातफरीला तिथे निजामापासून एकच शब्द चालत आलेला: गबन. सरांनी सबंध नोकरी त्या एका शब्दाच्या मागे घालवली होती.

त्यांनी यादी वाचली. चष्मा पुसला. परत वाचली.

"या गबनच्या नोंदी आहेत?"

"हो सर," योगिता उत्साहाने म्हणाली. "सगळ्या आहेत. जुन्यासुद्धा."

"किती?"

"सध्या अकराशे. जिल्हा आला की लाखाच्या वर जातील."

सरांनी अमरसिंहकडे बघितलं. अमरसिंह अभिमानाने हसला. त्याला आकडा आवडला होता.

"आणि हे 'लपवा'?"

"ते आपोआप होतं, सर. फक्त मालकाला कळतं. बाकी कुणाला नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून?" असं विचारेपर्यंत सरांचं बोट नावाशेजारी छापून आलेल्या योगिताच्या ओळीवर पोचलं होतं. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "बाबांनी सांगितलं म्हणून लपवायचं. नजर लागते." मग सावकाश मान वर करून भिंतीवरच्या फ्लेक्सकडे बघितलं. आदरणीय बाबा हात जोडून उभे होते.

अमरसिंहचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. "सर, ते हे बाबा न्हाईत."

तेव्हा कुठे योगिताच्या ध्यानात आलं. "सर, ते गबन नाही! गाभण आहे. गाभण म्हैस असते ना, ते. एच राहिला सर त्यातला."

"बाई," रामेश्वर सर पेनाला टोपण लावत म्हणाले, "चौतीस वर्षांत मी धरलेल्या प्रत्येकाचं काही ना काही राहिलेलंच होतं."

ते गेल्यावर अमरसिंहने दार लावलं. "आत्ताच्या आत्ता बदल ते नाव. आन ती बाबांची ओळ काढ."

"दादा, यादी ते घेऊन गेलेत. आता बदललं तर पुरावा मिटवला म्हंतील. आन तुमचाच नियम हाय, दिलेलं नाव बदलायचं न्हाई."

"नियम माझा. नाव कुनी ठिवलं?"

योगिताने परमेश्वरकडे बघितलं. परमेश्वर खिडकीतून खताची पोती मोजत होता.

"खुलासा तू द्यायचा," अमरसिंह म्हणाला. "बाबा म्हंजी कोन, ते पहिल्या ओळीत लिही. आन हे मिटंस्तोवर इकडं येऊ नको. लॅपटॉप ठिवून जा."

तिने खुलाशाची पहिली ओळ लिहिली: 'बाबा म्हणजे माझे वडील.' सरकारी कारभारात खऱ्या उत्तराने एकच गोष्ट होते, पुढचं पत्र निघतं. ते पत्र पाली ग्रामपंचायतीत पोचलं. बंकटरावांना वाचता येत नाही म्हणून तिथला शिपाई सिदूने, दाखल्यांसाठी आलेल्या आठ-दहा माणसांच्या देखत, ते खणखणीत आवाजात वाचलं: "कुमारी योगिता बंकट महानवर हिच्या गबन प्रकरणी आपण वडील या नात्याने समक्ष हजर राहावे."

सिदू पालीचाच. त्याच्या तोंडातून 'गबन' जसं बाहेर पडलं, तसं पालीने ऐकलं. आणि पालीला त्या आवाजाचा एकच अर्थ माहीत होता.

दुपारी शेजारच्या चंद्रभागाबाई आल्या आणि योगिताच्या आईच्या, कडूबाईच्या, गळ्यात पडून रडून गेल्या. त्या कशासाठी रडल्या हे कडूबाईला कळायला दिवस मावळला. पाटोद्याकडचे पाहुणे रविवारी योगिताला बघायला येणार होते. त्यांचा निरोप आला: आमच्यात सुतक निघालंय. कोण गेलं ते निरोपात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिता बीडच्या खोलीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा बाबांचा फोन आला.

"योगे. खरं हाय का?"

पत्र पोचलेलं दिसतंय, असं तिला वाटलं. "खरं हाय, बाबा. माजंच हाय ते. पर ते म्हंतेत तसं न्हाई."

"किती दिस झाले?"

"आठ महिने."

"आट?" बंकटरावांचा आवाज फुटला. "दिवाळीला आलतीस की. कुनालाच कसं दिसलं न्हाई?"

"कसं दिसनार, बाबा? आत असतंय ते. वरून कळत न्हाई."

"आन... दुसरा कोन हाय?"

"दुसरं कुनी न्हाई. मी एकटीनंच केलं. आन तुमालाच तर इचारून केलतं की!"

"मला?"

बाबा कुठलं गाबन धरून बसलेत, ते त्या एका शब्दावरून योगिताच्या ध्यानात आलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग जे वाक्य मुलगी बापापुढे कधी उच्चारत नाही, ते तिने उच्चारलं. 'न्हाई' हा शब्द त्यात तीनदा आला. फोन लावला होता ना मी, म्हणाली, म्हशीच्या पोटात असलं की काय म्हणायचं म्हणून? ते तुमचं म्हणणं मी तसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. त्यांनी दुसरं वाचलं.

पलीकडे बंकटरावांनी बसकण मारली. 

"काय लिवायला पायजे होतं?"

"एक अक्षर जास्तीचं पायजे होतं."

"मंग कावून गाळलं?"

"तुमी तसंच म्हनला, बाबा."

"मी तसंच म्हननार," बंकटराव म्हणाले. "मला लिवता येत न्हाई म्हनून तर तुला शिकिवलं."



सुनावणी सोमवारी बीडला भरली. बंकटराव धुतलेलं धोतर, लाल पटका आणि काठी अशा पोशाखात आले. येताना एसटीत पालीचीच दोघं बसली होती. त्यांनी उठून मागच्या सीटवर जागा घेतली होती. अमरसिंह कोपऱ्यात खुर्चीवर होता. वडिलांनी त्याला निकाल लागल्याशिवाय तेलगावला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. निर्दोष ठरले तर नोकरी, नाही तर पोलीस, एवढं योगिताला माहीत होतं. पालीत काय ठरणार हे तिने डोक्याबाहेर ठेवलं होतं, आणि ते सारखं दार वाजवत होतं.

"तुम्हीच बाबा?" रामेश्वर सरांनी विचारलं.

"हिचा."

"लपवायला तुम्ही सांगितलं?"

"मीच सांगितलं. आमच्यात समदेच लपिवतेत."

सरांचं पेन सरसावलं. "सगळे म्हणजे?"

"पाली, पाटोदा, समदा मुलूख. आज्या-पंज्यापासनं हाय ते."

"आणि नजर कुणाची लागते?"

"कुनाची बी, साहेब. आता तुमची बी लागंल."

"ही धमकी समजू का?"

"न्हाई न्हाई. तुमी मुद्दाम थोडंच लावनार?"

सरांनी ते लिहिलं. "किती काळ लपवून ठेवता?"

"शेळीचं पाच म्हैने. म्हशीचं धा."

पेन थांबलं. पण चौतीस वर्षांची सवय एका शेळीने जात नाही. "हे गबन केलं कुणी? नाव सांगा."

बंकटरावांना प्रश्नच कळेना. लहान पोराला सांगावं तसं ते म्हणाले, "रेड्यानं."

"रेडे कुठल्या खात्यात आहेत?"

"खात्यात न्हाई, साहेब, दावनीला हाय. तेलगावच्या धोंडीराम बाबांकडनं आनलेला."

अमरसिंह ताडकन उठला. "सर, त्या रेड्याशी आमचा आता काही संबंध न्हाई!"

 रामेश्वर सरांनी एक कोरा कागद योगितापुढे सरकवला. "दोन्ही शब्द लिहा. मराठीत."

तिने लिहिले. एकाखाली एक. गाभण. गबन. सर कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. अकराशे गबनांची प्रकरणं त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक करून व्यायला लागली.

"हा फरक यादीत का नाही दिसला मला?"

"एच गाळला की इंग्रजीत दिसत नाही, सर. तिथे काना पण नसतो."

"मग मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायचं कुणी ठरवलं?"

अमरसिंह बसला.

निकाल आठवड्याने आला. 'सदर कुमारी योगिता हिच्या बाबतीत गबन आढळून आले नाही.' एक प्रत कंपनीला, एक प्रत पाली ग्रामपंचायतीला. सिदूने तीही तितक्याच खणखणीत आवाजात वाचली. सरकारने तपासून सांगितलं म्हटल्यावर पालीने मान डोलावली. तपासलं कसं, याची चर्चा पुढे दोन दिवस पारावर चालली. चंद्रभागाबाईंनी कडूबाईला साखर दिली, पण आणखी दोन महिने थांबून बघायला काही हरकत नाही असं त्यांचं मत होतं. पाटोद्याच्या पाहुण्यांचं सुतक फिटलं नाही. बंकटरावांनी ते पत्र लॅमिनेशन करून आणलं. योगिताने विचारलं, कशाला? "असू दी," ते म्हणाले. वाचता न येणाऱ्या माणसाने ते ट्रंकेत तिच्या मार्कशीटांच्या वर ठेवलं.

अमरसिंहने तिला बोलावून घेतलं. लॅपटॉप परत दिला, बसायला सांगितलं, चहा सांगितला. फ्लेक्स उतरवून त्याने जिन्यावरच्या गळतीला लावला होता. "एच टाक त्या नावात," तो म्हणाला. "समद्यात."

"आन दिलेली लेक?"

"योगिता, आता तू पन बोलू नको बे," मालक कळवळून म्हणाला. बाईमाणसाला 'बे' म्हणायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

नाव बदलायचं तर त्या नावाने कुठून-कुठून हाका येतात ते आधी शोधावं लागतं. तिने एकेक नाव घेऊन तिन्ही सॉफ्टवेअरांत शोध लावला. gaban_nond: सव्वीस ठिकाणी. gaban_pakka: नऊ. gaban_lapva: शून्य. तिने परत शोधलं. शून्य.

"परमेश्वर," तिने विचारलं, "बाजारात लपवायची हाक तुझ्याकडून येते ना?"

"येते की. गाभणीची माहिती दुधाच्या सॉफ्टवेअरकडून आयती येते, माझी तेवढी एकच हाक." त्याने ओळ काढून दाखवली. gabhan_lapva. भ-मधला एच जागच्या जागी, चोख.

"माझ्यात तर एच नव्हता."

"तुझं अशुद्ध होतं," परमेश्वर म्हणाला. "मी अशुद्ध लिहीत न्हाई."

"मग नाव सापडत नसणार. तुझं सॉफ्टवेअर बंद कसं नाही पडलं?"

"सापडलं न्हाई तर गप पुढं जायचं, असं लिहून ठेवलंय मी वर."

पाटोद्याच्या बाजारातल्या टीव्हीवर आठ महिने प्रत्येक जनावरापुढे 'गाभण: होय' किंवा 'गाभण: नाही' असं शुद्ध मराठीत दिसत होतं.